परवाचं मोर्तब

आंबेघोल धरणाच्या कार्यालयात सगळी माणसं पाण्याचं काम करायची, हेमांगी कणसे तेवढी पाट्या रंगवायची. निदान तिच्या वडिलांनी गावात तसं सांगून ठेवलं होतं. 'सादरीकरण अधिकारी' हे लेकीचं पद तात्यांच्या जिभेवर काही बसेना. एकदा ती सुट्टीला घरी आली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "हेमा, पीपीटी पीपीटी म्हंत्यात, ते नक्की काय असतं गं?" तिनं सांगितलं, "भिंतीवर दाखवायच्या पाट्या, तात्या. एकामागं एक." झालं. बेलवंडे गावात तिचं काम कायमचं ठरून गेलं.

तात्या म्हणजे दादू कणसे. जुने पैलवान, आता वस्ताद, आणि भैरोबाच्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाचे पंच. ज्यात घाम येत नाही ते काम नव्हे, असं त्यांचं साधं मत होतं. पण हेमांगीला घाम यायचा, चांगला दरदरून यायचा. कारण स्लाइड बनवणं सोपं आणि ती बनवली तशी राखणं महाकठीण, अशी वेळ तेव्हा आली होती.

तिच्या लहानपणी स्लाइड ही एक मुकी वस्तू होती. लिहिलं तेवढंच दाखवायची. आता प्रत्येक फोनमध्ये एक मदतनीस बसलेला असे आणि त्याला आपल्या मालकाची नस न् नस माहीत असे. मालकाला कोणती भाषा कळते, डोळे किती अधू आहेत, कशानं तो वैतागतो, सगळं. फाइल उघडली की मदतनीस ती मालकाच्या बेतानं नव्यानं मांडायचा. लांब वाक्यं तोडायची, जुने आकडे बदलून ताजे घालायचे, सोमवारी लिहिलेलं 'उद्या' मंगळवारी आपसूक 'आज' करायचं. लोक खूश होते. तारीख-वार लिहिण्याची कटकटच संपली होती. कुणी हौसेनं तारीख घातलीच, तर मदतनीस ती खोडून 'परवा' किंवा 'येत्या शुक्रवारी' करून टाकी, वाचायला सोपं म्हणून.

गडबड अशी, की मदतनीसाला मालकाला दुखवायचं नसे. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तिच्यात थोडी साखर पडायची. मागच्या पावसाळ्यात हेमांगीनं लिहिलं होतं, 'दरवाजे उघडल्यावर नदीपात्रात उतरू नये, जिवाला धोका आहे.' दहा कार्यालयं फिरून ती स्लाइड बेलवंड्यात पोचली तेव्हा तिच्यावर लिहिलेलं होतं, 'नदीचं रौद्र सौंदर्य जवळून अनुभवा.' शिवाय मागं इंद्रधनुष्य! कॉलेजची चार पोरं ते सौंदर्य अनुभवायला खडकावर जाऊन बसली आणि मासेमारांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. चौकशी झाली. कुणीच काही बदललेलं नव्हतं. प्रत्येकाच्या मदतनीसानं फक्त एखादा शब्द 'सुधारला' होता.

"फाइलला पासवर्ड घाला," उपअभियंता शेंडगे साहेब म्हणाले. घातला. पासवर्ड असलेली फाइल लोक उघडेचनात. "मग फक्त वाचण्यापुरती ठेवा." ठेवली. मदतनीस तिची नक्कल काढून नकलेत सुधारणा करू लागला. "पीडीएफ करा, नाहीतर सरळ फोटो काढून पाठवा!" तेही केलं. मदतनीस फोटो माणसासारखा वाचायचा आणि दुसरा, जास्त गोड फोटो काढून द्यायचा. शेंडगे साहेबांनी हात टेकले.

आणि मग मोर्तब आलं.

ते शिकवायला फिरोज मुलाणी आला आणि कार्यालयातच नेमणूक घेऊन बसला. बोलका गडी, कुस्तीचा वेडा. त्यानं पहिल्याच दिवशी फळ्यावर एक लांबलचक कागद काढला.

"जुने सरकारी कागद बघितलेत ना, मॅडम? मजकूर संपला की खाली मोर्तबाचा शिक्का. त्याच्या पुढं कुणी अक्षर घुसडायचं नाही. आणि कागद लांब असला, एका बंदाला दुसरा बंद चिकटवलेला असला, की सांध्यावर पाठीमागून शिक्का मारायचे. अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला बंद कुणी पळवून दुसरा चिकटवला, तर अर्धुकांना अर्धुकं जुळायची नाहीत."

"आणि आपल्याकडं?"

"आपल्याकडं तेच, फक्त शाई गणिताची. एका स्लाइडवरचं प्रत्येक अक्षर, चित्र, रंग एका गणितातून काढला, की एक ठसा मिळतो. एक अनुस्वार जरी हलला, तरी ठसा पार वेगळा. पहिल्या स्लाइडचा ठसा दुसरीच्या पोटात ठेवायचा, दुसरीचा तिसरीच्या. म्हणजे सांधे पक्के. शेवटच्या स्लाइडवर तुमची किल्ली. ती तुमच्या तळहाताच्या शिरांतून जन्मते, त्यामुळं जगात एकच. समोरच्याचा फोन सगळे ठसे ताडून बघतो. जुळले, तर स्लाइडला लाल काठ. आणि लाल काठ दिसला की मदतनीसाची बोलती बंद, असा कायदाच झालाय."

हेमांगीनं आपला तळहात काचेवर ठेवला आणि तिच्या पहिल्या स्लाइडभोवती लाल काठ उमटला. तिला खरोखर उड्या माराव्याशा वाटल्या. तिनं लिहिलेलं वाक्य अगदी जसंच्या तसं बेलवंड्यात पोचणार होतं! तिनं त्याच आठवड्यात गावोगाव फिरून लोकांना समजावलं. बेलवंड्याच्या शाळेत तर ती टेबलावरच चढली होती.

"आजकाल माझ्या आवाजात कुणीही बोलू शकतं," ती म्हणाली. "माझा चेहरा लावून कुणीही फोन करू शकतं. म्हणून लाल काठ सांगेल ते खरं. त्याच्याविरुद्ध माझा जरी फोन आला, तरी ती मी नाही असं धरून चाला!"

पहिल्या रांगेत तात्या बसले होते. त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की फेटा सुटला. त्या दिवसापासून गावात पाट्यांचा विषय बंद झाला. "माझ्या पोरीकडं शिक्का हाय," ते चावडीवर सांगू लागले. "राजाकडं असायचा तसला." हेमांगीला हे कळलं तेव्हा तिला हसूही आलं आणि बरंही वाटलं. इतक्या वर्षांत बापानं तिचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

बेलवंड्याची यात्रा उन्हाळ्यात येते. तांबी नदी तेव्हा कोरडी असते आणि वाळूच्या पात्रात मधोमध कुस्त्यांचा आखाडा पडतो. यंदा नेमक्या त्याच आठवड्यात धरणाच्या नव्या दरवाजांची चाचणी आली. शेंडगे साहेबांना ती गुरुवारी घ्यायची होती. हेमांगी त्यांच्या टेबलापुढून हललीच नाही.

"गुरुवारी आमच्या कुस्त्या आहेत, साहेब. दहा हजार माणूस पात्रात असतं."

"मग बुधवारी सोडू. बुधवारी काय आहे?"

"बुधवारी नुसता पाळणा आणि जिलेबी. तेही काठावर."

बुधवार ठरला. सोमवारी संध्याकाळी हेमांगीनं पाच स्लाइड बनवल्या. नकाशा काढला, पाणी कुठवर चढेल ते निळ्या रेषेनं दाखवलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'परवा सकाळी पाणी सुटेल. दिवसभर पात्रात उतरू नये.' तिनं वाचलं, शेंडगे साहेबांनी वाचलं, फिरोजनं वाचलं. एक वेलांटीही चुकलेली नव्हती. तिनं काचेवर हात ठेवला, लाल काठ उमटला आणि फाइल गेली.

बुधवारी सकाळी दरवाजे उचलले गेले तेव्हा अख्खं कार्यालय गच्चीवर होतं. पांढराशुभ्र लोट खाली कोसळला आणि शेंडगे साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सगळे खाली येऊन चहाला बसले. फिरोजनं कपाला फोन टेकवला.

"मॅडम, तुमच्या गावचं मैदान लागलंय."

"ते उद्या आहे."

"आज लागलंय की. थेट दाखवतायत. हे बघा, हलगी!"

हेमांगीनं फोन ओढून घेतला. वाळू, तांबड्या मातीचा आखाडा, चहूबाजूंनी माणसांची भिंत. मध्ये तात्या, गुलाबी फेट्यात. आणि निवेदकाचा खणखणीत आवाज येत होता, "मंडळी, धरणाच्या लाल काठाचा मान राखून आपण गुरुवारच्या कुस्त्या एक दिवस अलीकडं घेतल्या! उद्या पाणी येणार, म्हणून आज दंगल! टाळ्या झाल्या पाहिजेत शिक्केवाल्या हेमांगीताईंसाठी!"

दहा हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"उद्या?" शेंडगे साहेब म्हणाले. "उद्या कुठं? पाणी तर आज..."

हेमांगीनं स्वतःची फाइल उघडली. लाल काठ होता. आत तिचंच वाक्य होतं. परवा सकाळी पाणी सुटेल.

तिला एकदम कळलं. सोमवारी गावात पालखी होती. फोनकडं कुणी पाहिलं नसणार. मंडळींनी फाइल मंगळवारी उघडली. साध्या स्लाइडवर मदतनीसानं मंगळवारी 'परवा'चं 'उद्या' केलं असतं. पण लाल काठापुढं मदतनीस मुका. सोमवारचा परवा मंगळवारीही परवाच राहिला. मंगळवारपासून परवा म्हणजे गुरुवार. भल्या माणसांनी गुरुवार टाळला आणि आज्ञाधारकपणे बुधवारी पात्रात उतरले.

"परवा," ती म्हणाली. "मी परवा लिहिलं हो! वार लिहिला नाही!"

"आपण तिघांनी वाचलं होतं," फिरोज पुटपुटला.

"सोमवारी वाचलं होतं. सोमवारी ते बरोबरच होतं!"

शेंडगे साहेब दरवाजे पाडा म्हणून ओरडत जिन्याकडं धावले. दरवाजे पडले, पण निघालेलं पाणी निघालं होतं. ते तासाभरात बेलवंड्यात पोचणार होतं. हेमांगीनं तात्यांना फोन लावला. मागं हलगी कडाडत होती.

"तात्या! मी हेमा. पाणी आज सुटलंय! आत्ता! सगळ्यांना वर काढा!"

पलीकडं तात्या हसले.

"वा रं पठ्ठ्या. आवाज तर हुबेहूब काढलायस."

"तात्या, मी खरीच आहे! तुमची हेमा!"

"माझी हेमा काय सांगून गेलीय ठावं हाय का तुला? लाल काठाच्या इरुद्ध तिचा फोन आला, तर ती न्हाईच म्हणून समजा. पोरगी माझी हुशार हाय. तुझ्यासारखी छप्पन्न भामटी येतील हे तिला आधीच ठावं हुतं. आमची दंगल मोडाय बघतोस व्हय? ठेव फोन!"

आणि त्यांनी फोन बंदच करून टाकला. तिनं सरपंचांना लावला. सरपंच नम्रपणे म्हणाले, "ताई, तुम्ही ताई असाल तर लाल काठ पाठवा." पोलीस चौकीतल्या हवालदारांनी लाल काठाची फाइल तिलाच वाचून दाखवली. गावात पूर्वी भोंगा होता, पण खोट्या बोंबा फार झाल्या म्हणून तो उतरवून ठेवलेला. सांगणारी सगळी तोंडं तिनंच एकेक करून शिवून टाकली होती.

"नवी स्लाइड!" ती ओरडली. बसली, लिहिलं, 'आज बुधवार. पाणी सुटलं आहे. ताबडतोब वर या.' काचेवर हात ठेवला. यंत्रानं शांतपणे उत्तर दिलं, 'या विषयावर आपले मोर्तब झालेले आहे. त्याच विषयावर दुसरे मोर्तब बहात्तर तासांनंतर करता येईल.'

"हा काय फाजीलपणा आहे?"

"नियम आहे," फिरोजचा आवाज बसला होता. "कुणी किल्लीच चोरली, तर त्यानं हुकूम उलटे फिरवू नयेत म्हणून. मीच शिकवलेलं."

"दुसऱ्या कुणाच्या मोर्तबानं?"

"बेलवंड्याच्या पाण्यासाठी तुमचंच नोंदलंय. दुसऱ्याचं चालत नाही."

हेमांगी उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. फिरोज तिच्याकडं बघत होता. तिला काय सुचलंय ते त्याला कळलं होतं, कारण तेही त्यानंच शिकवलेलं होतं.

"मॅडम, नको."

"लाल काठच उरला नाही, तर माझा फोन त्याच्याविरुद्ध ठरणार नाही. मोर्तब मोडलं तर काय होतं? नीट सांग."

"तुमची किल्ली मरते. ज्या ज्या फाइलवर तुमचा ठसा आहे, त्या सगळ्यांचा लाल काठ एका क्षणात जातो. ज्यानं ज्यानं त्या उघडल्यात, त्याच्या फोनवर संदेश जातो, की या व्यक्तीवर विसंबू नये. आणि परत मिळत नाही, मॅडम. तळहात एकच, किल्ली एकच. जन्मभर."

शेंडगे साहेब धापा टाकत वर आले होते. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं. "अहो, अख्ख्या तालुक्याच्या पाणीपाळ्या तुमच्या मोर्तबावर आहेत! कुणी कधी पाणी घ्यायचं, सगळं! लाल काठ गेला, तर उद्या बांधाबांधावर डोकी फुटतील."

"डोकी फुटली तर टाके घालता येतात, साहेब."

"आणि तुमची नोकरी? शिक्का नसलेली सादरीकरण अधिकारी ठेवून मी करू काय?"

नोकरीची भीती तिला वाटत होतीच, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त तिला तात्यांचा चेहरा दिसत होता. माझ्या पोरीकडं शिक्का हाय. आता गावातल्या प्रत्येक फोनवर त्यांच्या लेकीचं नाव घेऊन लिहिलेलं येणार होतं, की ही बाई खोटी. त्यांनी ते भर मैदानात वाचायचं होतं. आणि वाचून ते काय करतील, हे तिलाही माहीत नव्हतं.

तिनं हात काचेवर ठेवला. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? हो. यंत्रानं पुन्हा विचारलं.

"आहे रे बाबा, आहे!" हेमांगी म्हणाली आणि तळहात दाबला.

बेलवंड्याच्या पात्रात तेव्हा दिवसातली सर्वांत मोठी कुस्ती लागली होती. दोन तगडे पैलवान एकमेकांच्या मानेत हात घालून रेटत होते, हलगी टिपेला पोचली होती. तात्या त्यांच्याभोवती वाकून फिरत होते. आणि एकदम सगळं मैदान गुरगुरलं. हजारो खिशांत हजारो फोन एकाच क्षणी थरथरले होते. माणसांनी फोन काढले. निवेदक बोलता बोलता थांबला आणि हलगीवाल्याचा हातही अडला.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

निवेदकानं खाली मान घालून वाचलं. "वस्ताद... 'हेमांगी दादू कणसे यांचे मोर्तब मोडले आहे. त्यांच्या कोणत्याही मजकुरावर विसंबू नये.' आन पाण्याच्या पाटीचा लाल काठ गेलाय."

पात्रात कुजबुज उठली. कुणी म्हणालं, बोगसच होती. कुणी म्हणालं, म्हणजे पाणी उद्यापण येत न्हाई, खेळा बिनघोर. तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. भर मैदानात, पाच गावांच्या पुढ्यात, अशी बेअब्रू त्यांच्या नावाची कधी झाली नव्हती.

"मोडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"तिनंच. 'स्वहस्ते' असं लिवलंय."

तात्या थबकले. मघाचा फोन त्यांच्या कानात परत वाजला. भामटा असता, तर त्यानं शिक्का चोरून वापरला असता. हातात आलेला शिक्का कुठला चोर मोडेल? चोरानं घर लुटलं असतं, जाळलं नसतं. जाळायला स्वतःचंच घर लागतं. त्यांनी बंडीतून फोन काढून चालू केला.

"हेमा?"

"तात्या!"

"आता बोल. ऐकतोय."

"पाणी सुटलंय. सोमवारचा परवा होता तो, तात्या, सोमवारचा! अर्ध्या तासात तुमच्यापाशी येईल. वर चढा!"

तात्यांनी दुसरा शब्द विचारला नाही. त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला आणि ओरडले, "मंडळी, पाणी आलंय! वर चला!"

कुणी हललं नाही. ज्या बाईवर विसंबू नका असं फोन सांगत होते, तिचाच बाप हे सांगत होता. शिवाय कुस्ती निकाली लागायची होती, आणि निकाल लागल्याशिवाय मैदान सोडणारा माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्मायचा होता. मागून कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, आधी कुस्ती!"

तात्यांनी एक क्षण त्या गर्दीकडं पाहिलं. ही माणसं त्यांनी आयुष्यभर ओळखली होती. त्यांनी दोन्ही पैलवानांच्या मनगटांना धरलं.

"बरं! कुस्ती हुणार! पण इथं न्हाई, वर, शाळंच्या पटांगणात! आन पयल्यांदा पोचंल त्याला म्होरली जागा! वाजीव रं हलगी! पळ!"

हलगीवाला पळत सुटला. त्याच्यामागं दोन पैलवान, लंगोटावर, मातीनं माखलेले, त्यांना ओढत सत्तरीचे तात्या, आणि त्यांच्यामागं अख्खी यात्रा! म्हाताऱ्यांनी धोतरं खोचली, बायांनी पोरं काखेला मारली, फुगेवाला फुगे सोडून धावला. पुढची जागा मिळवायला दहा हजार माणसं एकमेकांना ढकलत, हसत, शिव्या देत घाट चढली. तात्या पुन्हा खाली उतरले. भेळेच्या गाडीपाशी गल्ला मोजत बसलेल्या दोघांना त्यांनी बखोटीला धरून वर आणलं, तेव्हा कुठं पात्र रिकामं झालं.

मग आवाज आला. हलगी आपोआप थांबली. वळणावरून पाण्याची भिंत आली, फेसाळ, उंच, काटक्या-लाकडं पुढं ढकलत. तिनं भेळेची गाडी उचलली, खुर्च्या उचलल्या, निवेदकाचा मांडव उचलला आणि मधोमध पसरलेल्या आखाड्यावर चढली. तांबडी माती विरघळून पाणी क्षणभर लालेलाल झालं. एका बाईनं आपल्या पोराला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.

हेमांगी आणि फिरोज मोटरसायकलवरून आले तेव्हा पाणी काठ घासत वाहत होतं आणि शाळेच्या पटांगणात कुस्ती पुन्हा लागली होती. गर्दीतून वाट काढताना तिला लोकांचे फोन दिसत होते, त्यावर तिचं नाव, आणि खाली ते वाक्य. तिनं मान खाली घातली. तात्या कुठं आहेत, त्यांना कुठं लागलं तर नाही ना, एवढंच तिला पाहायचं होतं.

तात्यांनी तिला लांबूनच पाहिलं. त्यांनी शिट्टी वाजवून कुस्ती थांबवली आणि बोटानं तिला मैदानात बोलावलं. ती गेली. जवळ गेल्यावर तिला दिसलं, की त्यांचा फेटा कुठंतरी पडला होता आणि गुडघे फुटून रक्त आलं होतं.

"तात्या, मी शिक्का मोडला," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतंत..."

"गप."

"आता माझ्या कुठल्याच पाटीवर कुणी..."

"गप म्हंतो न्हवं."

त्यांनी तिचा उजवा हात पकडला, मघा काचेवर दाबला तोच, आणि पंचानं जिंकलेल्या पैलवानाचा करावा तसा ताडकन वर केला. मग हलगी कडाडली. निवेदकानं गहिवरल्या आवाजात पुकारा केला, "हेमांगी दादू कणसे, बेलवंडे!" आणि हजारो माणसं, हातात तिच्यावर विसंबू नका असं सांगणारे फोन घेऊन, तिच्या नावानं शिट्ट्या मारू लागली, फेटे उडवू लागली. हेमांगी रडत होती आणि हसत होती. दोनदा तिनं हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण तात्यांनी तो सोडला नाही.